सात सोमवार आणि गलत्याची चढण

जयपुरात राहणाऱ्या मराठी घराला श्रावण दीडपट मिळतो. तिथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी शेजारच्या घरांत श्रावण लागतो आणि आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मात्र आषाढ तसाच रेंगाळत असतो. पंधरा दिवसांनी आपला श्रावण सुरू होतो तेव्हा त्यांचा निम्मा सरलेला. २०२४ साली तर योग असा जुळून आला की २२ जुलैपासून २ सप्टेंबरपर्यंत दोन्हींचे मिळून सात सोमवार झाले. राजा पार्कातल्या एका काकूंनी ते सातही उपास केले. 'शेजारणीचे पाच, माझ्या माहेरचे पाच, त्यातले तीन सामाईक,' असा त्यांचा चोख हिशेब होता.

राजा पार्क म्हणजे जयपूरच्या जुन्या तटबंदीच्या आग्नेयेकडचा भाग. फाळणीनंतर पलीकडून आलेली पंजाबी आणि सिंधी कुटुंबे आदर्शनगर-राजा पार्कच्या परिसरात स्थिरावली आणि त्यांच्या कष्टांवर हा सगळा बाजार उभा राहिला. इथल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. मुख्य चौकाचे नाव मात्र पंचवटी. नाशिकहून आलेल्या पाहुण्याला ते ऐकून घरी आल्यासारखे वाटते, पण समोर मिळतात छोले-भटुरे! या वस्तीत मराठी घरे अगदी तुरळक. तरी गणपतीला आणि कोजागरीला ती एकमेकांना बरोबर शोधून काढतात.

श्रावणी सोमवारची इथली एक रीत मराठी माणसाला फार लवकर आवडते. या दिवशी घरात चूल पेटवून बसायचे नाही, बागेत किंवा डोंगरात जायचे आणि सगळ्यांनी मिळून तिथे जेवायचे. त्याला म्हणतात वनसोमवार, आणि त्या सहभोजनाला 'गोठ'. ही रीत या प्रदेशात का रुजली असावी हे ऑगस्टमध्ये अरवलीकडे पाहिले की सांगावे लागत नाही. वर्षातले नऊ-दहा महिने हे डोंगर भाजलेल्या विटेसारखे दिसतात. पाऊस पडला की आठवड्याभरात धोकाची झाडे (आपल्या धावड्याची चुलत भावंडेच ती) पालवतात आणि सगळा डोंगर हिरवा होतो. तो हिरवा रंग फार तर दोन महिने टिकतो. तेवढ्यात जे पाहायचे ते पाहून घ्यायचे.

तर गल्लीतल्या मंडळींचा बेत ठरला तो २६ ऑगस्टचा, गलताजीला जाण्याचा. सोमवार होता, शिवाय जन्माष्टमीची सुटी. बेत ठरवणाऱ्या वहिनी मूळच्या डोंबिवलीच्या. कॉलेजात असताना हरिश्चंद्रगड, नाणेघाट, सांदण दरी सगळे पालथे घातलेले. लग्नानंतर पायातले बूट सुटले ते सुटलेच. जयपुरात आल्यावर त्यांना शोध लागला की घरापासून पाऊण तासाच्या आत एक अस्सल घळ आहे आणि गल्लीतली निम्मी माणसे तिथे गाडीने जाऊन, हात जोडून, गाडीनेच परत येतात. घळीतून वर चढून, खिंड ओलांडून पलीकडे शहरात उतरता येते, हे अनेकांना माहीत असून केलेले नव्हते.

पण एका माणसाने ते दरवर्षी केले होते. सातही उपास करणाऱ्या काकूंचे यजमान, म्हणजे काका, १९७८ साली सरकारी हिशेबखात्यात बदलून जयपूरला आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. श्रावणात एकदा गलत्याची घळ चढून सूर्यमंदिरापर्यंत जायचे हा त्यांचा नेम. चाळीसहून जास्त श्रावण तो अखंड चालला. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांची बायपास झाली आणि त्या वर्षीचा नेम चुकला. आता वय शहात्तर. मुलगा पुण्याला. त्याचे म्हणणे असे की राजा पार्कातले घर विकावे आणि आई-बाबांनी बाणेरला यावे. म्हणणे चुकीचे नव्हते. एक बिल्डर दोनदा घर पाहून गेला होता आणि गणपतीनंतर बोलणी पक्की व्हायची होती. म्हणजे हा श्रावण जयपुरातला शेवटचा, हे काका कुणाला न सांगता धरून चालले होते आणि काकूंनी ते ओळखले होते.

डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नव्हती. उलट रोज चाला म्हणून सांगितले होते. मात्र दोन अटी होत्या. उन्हाच्या आणि घामाच्या वेळी चढ चढायचा नाही, आणि नाडी मोजून फसायचे नाही. बायपासनंतर अनेकांना ज्या गोळ्या देतात त्यांनी हृदयाचे ठोके मुद्दाम संथ ठेवलेले असतात. दमलेल्या माणसाची नाडीही मग शांतच लागते. त्यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे चालता चालता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. काकूंनी त्यावर आपली तोड काढली. त्या काकांना चालताना रामरक्षा म्हणायला लावीत. श्लोक मध्येच तुटला की थांबायचे. रामानंदी संप्रदायाच्या पीठाकडे जाताना याहून शोभेशी परीक्षा कोणती सापडली असती?

निघालेली माणसे तेरा. वहिनी, त्यांचे यजमान आणि सातवीतली मुलगी. काका-काकू. शेजारच्या पंजाबी आंटी आणि त्यांचे दोन नातू. इंजिनियरिंगला शिकणारी, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी नागपूरची दोन मुले. आणि जौहरी बाजारात गलाईचे काम करणारे एक जोडपे, त्यांच्या लहान मुलासह. सोनेचांदी वितळवून शुद्ध करणारी सांगली जिल्ह्यातली ही माणसे देशभर पसरली आहेत. जिथे सराफ कट्टा तिथे खानापूर-आटपाडीकडची बोली ऐकू येते. 'आमी गलाईवालं आन् चाललू गलत्याला,' असे ते गृहस्थ म्हणाले तेव्हा गाडीत चांगलाच हशा पिकला.

तसे मराठी माणसाचे जयपूरशी नाते शहराच्या जन्मापासूनचे. १७२७ साली हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांचे गुरू रत्नाकर पुंडरीक महाराष्ट्रीय होते, आणि त्यांच्यासाठी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे सम्राट जगन्नाथही. नात्याची दुसरी बाजू कडू आहे. खंडणीसाठी आलेल्या मराठी फौजेतली हजारो माणसे १७५१ च्या जानेवारीत शहर पाहायला तटाच्या आत शिरली आणि तिथेच कापली गेली. पुंडरीकांची हवेली अजून ब्रह्मपुरीत उभी आहे. त्या कत्तलीची आठवण मात्र बाजारातून हिंडताना कुणाला येत नाही.

पहाटे सहाला गाडी घाट की गुणीच्या जुन्या रस्त्याने निघाली. बोगदा झाल्यापासून हा रस्ता निवांत झाला आहे. दोन्ही बाजूंच्या छत्र्या आणि झरोके आता नीट पाहता येतात, आणि पुढे सिसोदिया राणीची बाग लागते. वहिनींनी आदल्या रात्रीच सगळ्यांना तीन गोष्टी बजावल्या होत्या. प्रत्येकाकडे स्वतःचे दोन लिटर पाणी आणि त्यात मीठ-साखर घातलेली एक बाटली, कारण दमट हवेत घाम वाहतो पण सुकत नाही, मग अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जाते. पाण्यात कुणीही उतरायचे नाही. त्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, याच दिशेला असलेल्या कानोता धरणात पाच तरुण बुडाले होते, त्यामुळे या सूचनेवर कुणी वाद घातला नाही. आणि तिसरी म्हणजे सगळे एकत्र चढतील, एकत्र उतरतील, आणि सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे राहील.

हा तिसरा नियम सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना ठाऊक असतो. हळू चालणाऱ्याला मागे ठेवले की तो पुढच्यांना गाठण्यासाठी धापा टाकतो, आणि गाठतो तेव्हा पुढचे विश्रांती संपवून उठत असतात. त्याच्या वाट्याला विश्रांती अशी येतच नाही. म्हणून काकांना पुढे घातले. काकांना वाटले, अनुभवी म्हणून पुढारीपण दिले. त्यांनी काठी उचलली, टोपी सारखी केली आणि 'माझ्या मागून या' म्हणाले. वहिनींनी काकूंकडे पाहिले. काकूंनी हळूच मान हलवली, म्हणजे असू दे.

गाडी त्यांना उतरवून डोंगराला वळसा घालून पलीकडे, गलता गेटपाशी जाऊन थांबणार होती. शहरात गोविंददेवजींच्या दर्शनाची गर्दी, तेव्हा तटाबाहेरूनच घरी परतायचे असा हिशेब.

गलताजीची घळ पूर्वेकडून पाहिली की पहिल्यांदा खरी वाटत नाही. दोन्ही बाजूंनी कठीण, फिकट गुलाबी गारगोटी दगडाचे कडे, आणि त्यांच्या मधल्या अरुंद जागेत जणू कुणी महालच खुपसून ठेवले आहेत. रंगवलेल्या भिंती, गोल सज्जे, कमानी. घळीच्या पोटातून एकावर एक अशी पाण्याची कुंडे चढत जातात आणि बाजूने पायऱ्या. वरच्या कुंडात गोमुखातून पाणी पडते. गालव ऋषींच्या तपामुळे इथे गंगा प्रकटली अशी श्रद्धा आहे. साधे कारण असे की वरच्या डोंगराच्या भेगाळ दगडांत मुरलेले पावसाचे पाणी वर्षभर हळूहळू झिरपत राहते. पण भर ज्येष्ठात, सगळा मुलूख होरपळत असताना, दगडातून पाण्याची धार पडताना ज्याने पहिल्यांदा पाहिली असेल त्याने हात जोडले यात नवल काय?

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णदास पयहारी नावाचे रामानंदी साधू इथे आले. केवळ दुधावर राहणारे म्हणून पयहारी. आमेरचे राजे पृथ्वीराज त्यांचे शिष्य झाले आणि नाथपंथी योग्यांच्या या जागेवर रामानंदी पीठ उभे राहिले. (२०२४ च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या निकालानंतर या पीठाचा कारभार सरकारकडे गेला.) याच परंपरेत पुढे 'भक्तमाल' रचणारे नाभादास झाले. नाभाजी हे नाव मराठी घराला परके नाही. आपल्या महिपतींनी १७६२ साली 'भक्तिविजय' पूर्ण केला तेव्हा ज्यांचा आधार घेतल्याचे सांगितले त्यांत हे नाभाजी आहेत. म्हणजे आपल्या आज्या माजघरात बसून ज्या पोथीतून नामदेव-कबीरांच्या कथा ऐकत, तिचा एक झरा या घळीतून आलेला. काकांनी हे सगळे खालच्या चौकात उभे राहून सांगितले. नागपूरच्या मुलांनी फोन खिशात ठेवून ऐकले. ती दोघे तशी भली होती.

इथवर सगळे सुरळीत. पुढचा घोळ झाला तो शेंगदाण्याच्या लाडवांमुळे.

सोमवार आणि जन्माष्टमी असा दुहेरी उपास असल्याने गोठीची दाल-बाटी बाद झाली होती. प्रत्येकीने उपासाचे काही आणले होते. वहिनींची साबुदाण्याची खिचडी, आंटींचे कुट्टूच्या पिठाचे पकोडे, गलाईवाल्या बाईंच्या राजगिऱ्याच्या वड्या. काकूंनी दाण्याचे लाडू केले होते आणि त्यातले चार, काकांना मध्ये लागले तर हाताशी असावेत म्हणून, खांद्याच्या छोट्या पर्समध्ये ठेवले होते. गलत्याला माकडे किती असतात हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. लाल तोंडाची ही टोळी एवढी प्रसिद्ध की नॅशनल जिओग्राफिक वाहिनीने तिच्यावर मालिका काढली. भाविक वर्षानुवर्षे त्यांना दाणे आणि केळी घालत आले. माकडाला पिशवी दिसली की ती उघडायची एवढेच त्याला ठाऊक, आणि दाण्याचा वास आला तर विचारायलाच नको. खालच्या कुंडाच्या कठड्यावरून एक थोराड नर उतरला, अगदी सावकाश काकूंच्या समोर आला, पर्सचा पट्टा धरला आणि ओढली. काकू शहाण्या, त्यांनी सोडून दिली. ओढाओढीत चावा बसला तर साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे आणि रेबीजची इंजेक्शने, हे राजा पार्कातल्या सगळ्या घरांना माहीत असते.

माकड सज्ज्यावर जाऊन बसले. चारही लाडू खाल्ले. मग रुमाल, चष्म्याचे घर, किल्ल्या एकेक करून खाली टाकले. दाणे विकणाऱ्या एका पोराने केळे दाखवून पर्सही परत मिळवून दिली. सगळे हसले, आंटींनी माकडाला पंजाबीत दोन शिव्या घातल्या, मुलांनी फोटो काढले. आणि माणसे पुढे चालू लागली.

एक गोष्ट परत आली नव्हती. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची चांदीरंगी पट्टी त्याच पर्समध्ये होती. माकडाने ती चावून पाहिली, कडू लागली असावी, आणि कुंडात भिरकावली. काकूंनी ते पाहिले होते. बाकी कुणी नाही.

काकू बोलल्या नाहीत. सांगितले असते तर वहिनींनी त्याच क्षणी सगळ्यांना मागे फिरवले असते, आणि काकांना चाळीस वर्षांचा नेम अर्ध्या वाटेवर, माकडामुळे, सोडावा लागला असता. वर पोहोचायला उरला होता फार तर अर्धा तास. काका छान चालत होते, रामरक्षाही अखंड चालू होती. एवढ्या दिवसांत गोळी एकदाही लागली नव्हती. शेचाळीस वर्षे संसार केलेली बाई अशा वेळी जे मनाशी म्हणेल तेच त्यांनी म्हटले असणार. आज नाही लागायची.

वरच्या कुंडाच्या पुढे पायऱ्या उंच होतात. सकाळचे साडेसात होऊन गेले होते. ऊन नव्हते, पण वारा पडला होता. घळीत हवा अशी कोंडली की शर्ट पाठीला चिकटले. अकराव्या श्लोकाच्या मध्येच काकांचा आवाज तुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तुटला. मग त्यांनी म्हणणेच थांबवले आणि तसेच पुढे चालत राहिले. मागे असलेल्या वहिनींना वाटले, रामरक्षा संपली.

काकूंना ती कुठे संपते ते माहीत होते. त्यांनी हाक मारली, "अहो, बसा."

"काही नाही झालं. एवढं वळण चढू दे."

"बसा म्हणते ना. गोळी नाहीये माझ्याजवळ."

काका वळले. वहिनीही तिथे पोहोचल्या. काकूंनी सगळे सांगितले, आपण गप्प राहिलो तेही सांगितले. वहिनींचा चेहरा उतरला, पण त्या एकच वाक्य बोलल्या, "काकू, अशी गोष्ट त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवायची असते हो." मग त्यांनी काकांना कड्याच्या बाजूच्या छत्रीत, सावलीत टेकवून बसवले, वरचे बटण सोडायला लावले, मिठाचे पाणी घोट घोट दिले. छातीत दुखतंय का, हाताला मुंग्या, जबडा जड? काका प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणाले. खरे बोलताहेत ना, म्हणून वहिनी काकूंकडे बघत होत्या. काकूंनी मान डोलावली.

तेवढ्यात खिंडीवर अंधारून आले.

पाऊस पडला तो फार नव्हे, पंधरा-वीस मिनिटांचा. आणि पडला तो आधी वर, माथ्यावर. छत्रीत थेंब यायच्या आधीच पायऱ्यांकडेच्या दगडी पन्हळीतल्या पाण्याचा आवाज बदलला. नागपूरची मुले तिथेच खाली वाकून तोंड धूत होती. काका बसल्या जागेवरून ओरडले, "ए पोरांनो, वर या! आधी वर या!" मुले हसत सावकाश वळली. काकांनी काठी दगडावर आपटली. "पाणी बघा. पानं आलीत बघा त्यात!"

स्वच्छ धारेत काड्या आणि धोकाची पाने दिसू लागली होती. मुले छत्रीत चढली आणि दोन-तीन मिनिटांत पन्हळ भरून पाणी पायऱ्यांवर आले. गढूळ, चहाच्या रंगाचे, घोट्याइतके. वाहून जाण्याइतके नव्हते. पण ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर घोट्याइतके वाहते पाणी माणसाला पाडायला पुरते, आणि खाली कुंड होते. असल्या डोंगरात उतारावर माती थोडी आणि दगड फार. जोराची सर पाण्याला मुरायला वेळच देत नाही, ती सगळी घळीत उतरते. डोक्यावर कोरडे असताना पायाखाली पूर येतो तो असा. काकांनी १९८१ पाहिले होते. त्या वर्षी १९ जुलैला जयपुरात एका दिवसात ३२६ मिलिमीटर पाऊस झाला होता, वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून जास्त. तेव्हापासून त्यांना पाण्यातली पाने वाचता येत.

तेरा माणसे त्या छत्रीत तासभर दाटीवाटीने बसली. खिचडी तिथेच संपली. आंटींच्या धाकट्या नातवाने विचारले, इथे बिबट्या येतो का? येतो. हेच डोंगर पुढे आमागढला जाऊन मिळतात, तिथे २०२२ पासून बिबट्यांची सफारी आहे. पण या गलक्यात तो कशाला येतोय! मोर मात्र ओरडत होते, आणि पाऊस थांबल्यावर समोरच्या कड्यावरून पाण्याच्या चार-पाच बारीक धारा लोंबू लागल्या. घरात बसून त्या पाहायला मिळाल्या नसत्या.

मग खरा प्रश्न आला. वर जायला वीस मिनिटे. खाली जायला तेवढीच, पण खाली गाडी नव्हती आणि घळीत फोन लागत नव्हता. काकांचा श्वास सुरळीत झाला होता. त्यांनी दहा श्लोक सलग म्हणून दाखवले. सातवीतल्या मुलीला वर जायचेच होते. तिने वर्गात सांगून ठेवले होते. काका म्हणाले, "तुम्ही सगळे जा. मी आणि ही इथे बसतो. येताना घ्या आम्हाला."

"येताना नाही काका, आपण पलीकडे उतरणार आहोत," वहिनी म्हणाल्या. "आणि कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलंय."

"म्हणून तर मला पुढे घातलंस," काका म्हणाले. "कळलं मला. मघाशी बसल्यावर कळलं."

कुणी काही बोलले नाही. वहिनींनी पाण्याची बाटली उगीचच पुन्हा घट्ट लावली. निर्णय काकूंनी दिला, आणि तो त्यांनी काकांकडे न बघता, वहिनींना उद्देशून दिला. "खाली जाऊ या." गोळी नसताना चढ चढायचा, तोही पलीकडे उतरायला तेवढीच कठीण वाट असताना, हे त्यांना आता कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. मुलगी रुसली. कुणी तिची समजूत घालत बसले नाही, आणि ते बरेच झाले.

उतरताना काका पुन्हा सर्वांत पुढे होते. या वेळी त्यांच्या पुढे गलाईवाले गृहस्थ उलटे, चेहरा काकांकडे करून, एकेक पायरी उतरत होते आणि दोन्ही हात धरून होते. दिवसभर मुशीसमोर बसणारा तो माणूस, पण पाय असे घट्ट की जणू आटपाडीच्या माळावर चालतोय. नागपूरची मुले जोडीने पुढे गेली, गाडीवाल्याला फोन लावायला. गाडी वळसा घालून येईपर्यंत साडेदहा झाले. वाटेतच एका दवाखान्यात काकांचा ईसीजी काढला. पूर्वीच्यासारखाच होता. डॉक्टरांनी काकांना काही म्हटले नाही. काकूंना मात्र भरपूर सुनावले. त्या ऐकून घेत होत्या.

शेवटच्या सोमवारी, २ सप्टेंबरला, वहिनी मुलीला घेऊन गलता गेटच्या बाजूने वर जाऊन आल्या. तिकडून सूर्यमंदिरापाशी उभे राहिले की खाली सूरजपोलपासून चांदपोलपर्यंत सरळ रेषेत गेलेला रस्ता दिसतो. जयसिंगांनी शहर कसे आखले ते वरून एका नजरेत कळते. मुलीने तिथून फोटो काढला आणि घरी येऊन काकांना दाखवला. काकांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ राजा पार्क शोधले. फोटोत ते येणार नव्हते, ते उजवीडावीकडच्या हिशेबाने बाहेर राहत होते. पण त्यांनी तसे मुलीला सांगितले नाही.

गणपतीनंतर पुण्याहून मुलगा आला, बिल्डर आला, बोलणी झाली. काकांनी सगळ्याला होकार दिला. फक्त ताबा माघ सप्तमीनंतर देईन म्हणाले. आपण जिला रथसप्तमी म्हणतो त्या दिवशी गलत्याच्या त्या मंदिरातून सूर्याचा रथ मिरवत खाली शहरात आणतात, ही जयपूरची जुनी प्रथा. सूरजपोल बाजारात सपाट फुटपाथवर उभे राहिले की तो समोरून जातो. मुलाने दिनदर्शिका पाहिली. ४ फेब्रुवारी. बिल्डरला फोन करून त्याने तारीख पुढची घेतली आणि पुण्याची दोन तिकिटे त्यानंतरच्या आठवड्यातली काढली, खालच्या बर्थची.